ढगांचा आणि माझा व्यवहार

सांगोल्यात ढग दिसला की माणसं घरातून बाहेर येतात. बाकीच्या महाराष्ट्रात पाऊस आला की लोक आडोसा शोधतात. इथं पाऊस राहिला बाजूला, आभाळात नुसता काळा ठिपका उमटला तरी दुकानांच्या पायऱ्यांवर, टपरीपुढं, भररस्त्यात ट्रॅक्टर थांबवून माणसं माना वर करून उभी राहतात. मग त्या ढगाची चौकशी सुरू होते. कुठून आला, कुणीकडं निघालाय, आपल्याकडं थांबायचा विचार दिसतोय का. बहुतेक वेळा तो पंढरपूरला नाहीतर मंगळवेढ्याला निघालेला असतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर जवळचं सगळं उतरवून हे ढग माणदेशात येतात ते फक्त तोंड दाखवायला. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, आणि तोही त्याच्या मनाला येईल तेव्हा. गणपतराव देशमुख या तालुक्यातून अकरा वेळा आमदार झाले आणि अकराही वेळा पाणी हा विषय ताजाच राहिला. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं सोलापुरातून विमानं उडवली आणि ढगांत कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडून पाहिले. पाऊस काही टक्के वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आमच्या कट्ट्याचा निष्कर्ष असा, की काही टक्के वाढायला आधी काहीतरी असावं लागतं.

अशा गावात मी खगोलशास्त्रात एम. एस्सी. करतोय. ऑनलाइन.

यातली अडचण चटकन लक्षात येत नाही, म्हणून माझा धंदा सांगतो. माझं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, ठिबकचं साहित्य आणि औषधं. आमच्याकडं औषध म्हटलं की फवारणीचंच. माणसाच्या औषधाला गोळ्या म्हणतात. गिऱ्हाईक बहुतेक डाळिंबवालं. पाऊस चांगला पडला की शेतकरी खुशीत, जुनी उधारी फिटते, मीही खुशीत. पाऊस न पडता आभाळ नुसतंच भरून राहिलं की डाळिंबावर तेल्या पडतो. मग मोरचूद आणि चुना घेऊन बोर्डो मिश्रण करायला रांग लागते; शेतकरी रडकुंडीला आलेला असतो आणि मी तोंड पाडून गल्ला मोजत असतो. आणि आभाळ महिनोन्‌महिने स्वच्छ राहिलं, तर दुकानात मी एकटा असतो, पण रात्री गच्चीवर आकाशगंगा अशी पसरलेली असते, की अभ्यासक्रम लिहिणाऱ्या प्राध्यापकांनाही हेवा वाटावा. म्हणजे ढग आला तरी माझं काहीतरी होतं, न आला तरी होतं. एकाच माणसानं दोन्ही पार्ट्यांकडून पैसे घ्यावेत तशी माझी अवस्था आहे, आणि ती मी गावात कुणाला सांगू शकत नाही.

सुरुवात झाली ती २०२० च्या डिसेंबरात. २१ तारखेच्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले होते, की मधलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या पाचव्या हिश्शाएवढं. १६२३ नंतर ते इतके जवळ आलेच नव्हते. टाळेबंदीनं कंटाळलेल्या पोरांसाठी घेतलेली एक छोटी दुर्बीण घरात होती. ती गच्चीवर लावली आणि गल्लीतले लोक एकेक करून बघून गेले. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं शनीची कडी बघितली, डोळा काढला, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “आत चित्र चिकटवलंय व्हय, मालक?” त्यानंतर बरोबर एका आठवड्यानं, २८ डिसेंबरला, देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालातल्या शालीमारला सुटली. गावभर त्याच गाडीची चर्चा. डाळिंब बंगालला जाऊ शकतं तर आपल्याला पुढं शिकायला काय हरकत आहे, असा एक विचार माझ्या मनात आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण डिसेंबरात असे विचार येतात.

बी. एस्सी.ला फिजिक्स होतं. त्यानंतर त्या फिजिक्सचा उपयोग शटर वर ओढण्यापलीकडं झाला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, की ज्याला खरंच खगोलशास्त्र करायचं त्याच्यासाठी महाराष्ट्रासारखी जागा नाही. पुण्यात आयुका आहे, तिच्या शेजारी रेडिओ दुर्बीणवाल्यांचं एनसीआरए आहे, मुंबईत टीआयएफआर आहे. फक्त तिथं तरुणपणी जावं लागतं, आणि दुकान बंद ठेवून. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचं स्विनबर्न विद्यापीठ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून घरबसल्या खगोलशास्त्राची पदव्युत्तर पदवी देत आलंय. इंग्लंडात लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. अशी आणखी काही आहेत. त्यातलं दक्षिण गोलार्धातलं एक मी निवडलं. फी परकी चलनात होती. तिचा आकडा रुपयांत ऐकून बायको थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, एवढ्यात एक बोअर झालं असतं.”

“पाणी लागलं असतं कशावरून?”

“नसतं लागलं. पण पैसे कुठं गेले ते लोकांना सांगता तरी आलं असतं.”

हा मुद्दा बिनतोड होता. सांगोल्यात कोरड्या बोअरची प्रतिष्ठा मोठी आहे. प्रत्येक घराची एक-दोन असतात. तारकांच्या वातावरणांवर घातलेल्या पैशाला तशी सामाजिक मान्यता नाही. त्यात २०२१ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानं ज्योतिष विषयात एम. ए. सुरू केलं, त्यावर वाद झाले, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी निषेध केला, आणि या सगळ्याचा परिणाम एवढाच झाला, की पाहुण्यांनी माझा अभ्यास तोच असल्याचं ठरवून टाकलं. चुलतभाऊ मुलीची पत्रिका घेऊन आला. मी त्याला नीट समजावून सांगितलं, की आम्ही ग्रह कुठं आहे ते बघतो, त्याचं काय म्हणणं आहे ते विचारत नाही. तो म्हणाला, “मग अर्धाच कोर्स घेतलायस.”

दूरशिक्षण म्हणजे काहीतरी नवीन फॅड, असं आमच्याकडं समजतात. तसं ते नाही. जयंत नारळीकरांकडं शाळेतली मुलं सही मागायला यायची, तेव्हा ते सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही असेल, असं सांगत. मुलं कार्डं पाठवायची आणि उत्तरं यायची. पंधरा पैशांच्या कार्डाचा जमाना होता तो; प्रवेश परीक्षा नाही, फी नाही, आणि शिकवणारा केंब्रिजहून आलेला. आयुका उभी करणारा, फ्रेड हॉइलबरोबर विश्वाच्या उगमावर वाद घालणारा माणूस गावोगावच्या पोरांना ‘आकाश निळं का’ हे हातानं लिहून कळवत होता. २० मे २०२५ ला ते गेले. त्यांच्या सहीची किती पोस्टकार्डं महाराष्ट्रातल्या किती ट्रंकांत आहेत, कुणास ठाऊक. माझ्या प्राध्यापकांची सही मी अजून पाहिलेली नाही. त्यांच्या शेऱ्यांवर तारीख आणि वेळ असते, ती त्यांच्याकडची. माझ्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते.

या अभ्यासात मला सगळ्यात जास्त चकित केलं ते एका गोष्टीनं. आकाशाकडं बघा, असं कुणी सांगतच नाही. पहिले काही महिने मी वाट पाहिली. मग लक्षात आलं, की आजचा खगोलशास्त्रज्ञ आकाशाकडं बघत नाही, तो तक्त्याकडं बघतो. आकाश कुणीतरी आधीच बघून ठेवलेलं असतं, अंतराळातून नाहीतर चिलीच्या डोंगरांवरून, आणि त्याचे आकडे सगळ्या जगासाठी खुले असतात. २०१७ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ‘सरस्वती’ नावाचा दीर्घिकांचा महासमूह शोधला. आपल्यापासून चार अब्ज प्रकाशवर्षं लांब, साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. तो सापडला अमेरिकेतल्या स्लोन सर्वेक्षणानं आधीच मोजून ठेवलेल्या आकड्यांत. म्हणजे ती नोंद जगात कुणालाही उतरवून घेता येत होती, सांगोल्यातही. हे वाचल्यावर मी दुकानातल्या संगणकाकडं जरा आदरानं बघू लागलो. त्यावर तोवर फक्त जीएसटी भरला जायचा.

आकडे खुले असले तरी ते जुळतात असं नाही. विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय याचा एक स्थिरांक आहे, हबलचा. मी सत्राचा निबंध त्याच्यावर लिहिला. प्लँक उपग्रहवाले विश्वाच्या बालपणीचा प्रकाश मोजून म्हणतात ६७. स्फोट पावणारे तारे आणि सेफीड तारे मोजणारे म्हणतात ७३. दोघांनी मोजणी पुन्हा पुन्हा केली, दोघांच्या चुका कमी कमी होत गेल्या आणि भांडण वाढत गेलं. हा बांधाचा वाद आहे हे मला पहिल्या परिच्छेदातच कळलं. भावकीत दोघं आपापल्या मोजणीवर ठाम असतात, सरकारी मोजणी आणली की तिसराच आकडा निघतो, आणि मधल्या काळात वकिलांची मुलं शिकून मोठी होतात. निबंधात मी हे असंच लिहिलं नाही. पण ‘दोन्ही पक्षांनी एकत्र बसणं गरजेचं आहे’ असं एक वाक्य शेवटी आपसूक आलं आणि परीक्षकांनी त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं.

विद्यापीठ दक्षिण गोलार्धातलं असल्यानं एक वेगळीच पंचाईत होती. त्यांच्या लाडक्या गोष्टी आमच्या क्षितिजाखाली. सांगोला साधारण सतरा अंश उत्तरेला. इथून अगस्ती फेब्रुवारीत झकास दिसतो, मे महिन्यात त्रिशंकूही दक्षिणेला खालच्या बाजूला उभा असतो. पण त्यांच्या अभ्यासक्रमाचा जीव अडकलेला मॅगेलनच्या ढगांत. या दोन छोट्या दीर्घिका. मोठी एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर. आमच्याकडून ती क्षितिजाच्या वर येते जेमतेम तीन-चार अंश, आणि त्या तीन-चार अंशांत धूळ, बाभळी आणि जतकडच्या रस्त्यावरचे दिवे असतात. आयुष्यात एकदा असा ढग भेटला जो खगोलशास्त्रालाही हवा आणि मलाही, तर तोही सांगोल्यावर यायला तयार नाही.

मग ताऱ्यांच्या जन्माचं प्रकरण आलं आणि कळलं, की हा सगळा विषयच ढगांचा आहे. तारे ढगांतून जन्मतात. हायड्रोजनचे अतिथंड, दाट ढग. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर दहा अंश. ढग पुरेसा थंड आणि पुरेसा जड असेल तर स्वतःच्या वजनानं आत कोसळतो आणि तारा होतो. नसेल तर नुसताच लोंबकळत राहतो, लाखो वर्षं, काही न करता. यातला पहिला भाग शिकायला मला विद्यापीठ लागलं. दुसरा भाग तालुक्यात कुणीही सांगितला असता.

यातला सगळ्यात प्रसिद्ध ढग आहे मृग नक्षत्रात. मृगाचा तेजोमेघ, तेराशे प्रकाशवर्षांवर. थंडीत अंधाऱ्या शेतातून नुसत्या डोळ्यांनीही हरणाच्या पोटातल्या बाणाच्या जरा खाली तो धुरकट दिसतो. १९९८ साली आयएसओ नावाच्या युरोपच्या अवरक्त दुर्बिणीनं त्या भागात पाण्याची वाफ मोजली. ते पाणी तिथं इतक्या झपाट्यानं तयार होतंय, की एका दिवसात पृथ्वीवरचे सगळे समुद्र साठ वेळा भरावेत. मी हे वाचलं तेव्हा सकाळ झाली होती आणि दुकान उघडायची वेळ. पहिलं गिऱ्हाईक आबा. आबांचं वय सत्तरीच्या पुढं, डाळिंबाची बाग साडेतीन एकर, आणि उधारी बागेच्या मानानं मोठी. मला राहवेना. म्हटलं, “आबा, मृगात पाणी आहे.”

आबांनी आभाळाकडं बघितलं. “कवा म्हंतायत?”

“तसं नाही. त्या नक्षत्रातच पाणी आहे. रोज साठ समुद्र भरतील एवढं तयार होतंय.”

आबांनी टोपी काढून डोकं पुसलं. “मग टेंभूला जोडा की.”

टेंभूची योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलून आमच्या कोरड्या पट्ट्याकडं आणते. तिची वाट बघण्यात दोन पिढ्या गेल्या. आबांच्या लेखी तेराशे प्रकाशवर्षं हे अंतर फार नव्हतं.

आबांना नक्षत्रं माझ्यापेक्षा जास्त लागतात, हे मी कबूल करतो. आमचं सगळं अर्थकारण नक्षत्रांवर चालतं. डाळिंबाचे बहार तीन, त्यातले दोन नक्षत्रांच्या नावाचे: मृग बहार आणि हस्त बहार. तिसरा आंबे बहार. कुठला धरायचा, बागेला ताण कधी द्यायचा, पानगळ कधी करायची, यावर वर्षाचं नशीब ठरतं. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघतात. बेडूक, म्हैस, हत्ती निघालं तर माणूस खतं उचलतो, कोल्हा निघालं तर माझा स्टॉक पडून. विद्यापीठानं शिकवलेलं यात कुठं बसतं हे सांगण्याचा मी एकदा आबांपुढं प्रयत्न केला. जूनमध्ये ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात गेला. म्हणजे ज्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी मृग असतो, नेमकं त्याच दिवसांत आकाशात तो दिसू शकत नाही. सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. आबांनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “दिसत न्हाई म्हनूनच बोलायचं, मालक. दिसल्यावर काय बोलायचं?”

“पन पयला मृग नेमानं पडायचा,” हे त्यांचं पुढचं वाक्य. आता इथं खरंच गणित आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यागत डुलतो, एक फेरा सव्वीस हजार वर्षांचा. त्यामुळं सूर्य नक्षत्रात शिरायची तारीख साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढं सरकते. वराहमिहिराच्या काळात मृग आजच्यापेक्षा तीनेक आठवडे आधी लागायचा. मी उत्साहानं आबांच्या आज्याचा हिशेब केला. आज्याच्या बालपणापासून आतापर्यंत फरक फार तर दोन दिवसांचा. तेव्हा पावसाच्या बेइमानीचा दोष नक्षत्रांवर टाकता येत नाही. आबा जरा नाराज झाले. इतकी वर्षं कुणावर तरी टाकता येत होता.

खगोलाचे खरे निरीक्षक आमच्याकडं शेतकरीच. कारण वीज. शेतीची लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या दिवसांत निम्मा तालुका दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला बांधावर असतो. साप दिसतो, बिबट्याची अफवा दिसते आणि वर आकाश दिसतं. मृगातलं ‘तिकांडं’ डोक्यावर आलं की किती वाजले आणि शुक्राची चांदणी कधी निघते, हे जुन्या माणसांना घड्याळाशिवाय कळतं. माझा अभ्यास गावाला कळल्यापासून रात्री फोन यायला लागले. ओळीनं चाललेले दिवे दिसले, हे काय? ते स्टारलिंकचे उपग्रह असतात. फोन करणाऱ्याचं समाधान होत नाही. त्याला काहीतरी चांगलं अपेक्षित असतं. २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूची मोठी कडी येऊन पडली. चिनी रॉकेटची होती. त्यानंतर बरेच दिवस मला विचारणा होती, की आपल्याकडं असं काही पडायचा योग आहे का, आणि पडलं तर भंगाराचा भाव काय येईल.

सांगोला म्हटलं की, इथल्या तेव्हाच्या आमदारांचं फोनवरचं बोलणं २०२२ मध्ये गाजल्यापासून, बाहेरचे लोक झाडी, डोंगर आणि हाटेल एवढंच विचारतात. आकाश कुणी विचारत नाही. वास्तविक या सोलापूर जिल्ह्याच्या आकाशासाठी लोक कॅलिफोर्नियाहून आले होते. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण. सावलीची वाट कोकण किनाऱ्यावरून आत शिरून देशावरून ईशान्येला जाणार होती आणि करमाळा तालुक्यातलं जेऊर तिच्यात येत होतं. शिवाय जेऊरला रेल्वे होती. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल तिथं तंबू ठोकून बसले, बरोबर त्यांच्या पत्नी एलिझाबेथ, आणि चाळीस फूट लांबीचा कॅमेरा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी नायगमवाला हे तिथंच आपली उपकरणं घेऊन आले होते. पुण्यातली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनीच उभी केलेली. सगळा खटाटोप होता जेमतेम दोन मिनिटांसाठी; तेवढ्यात सूर्याची प्रभा काचेच्या पट्टीवर धरायची.

ते दिवस आठवून बघा. मुंबई-पुण्यात प्लेग. १८९६-९७ च्या दुष्काळानं सोलापूर जिल्हा पार खंगलेला. आभाळाकडं बघून लोकांचे डोळे गेलेले, आणि गोरे साहेब त्याच आभाळाकडं बघून खूश: एक ढग नाही! जेऊरच्या कुणा शेतकऱ्यानं त्या चाळीस फुटी नळकांड्याभोवती चक्कर मारून काय विचार केला असेल, याची मला राहून राहून उत्सुकता आहे. यातून पाऊस पाडतात, असं वाटलं असेल का? निदान पाडायला सांगून बघावं, असं तरी? ग्रहण छान दिसलं. पट्ट्या कॅलिफोर्नियाला गेल्या, नायगमवालांचा अहवाल छापून आला आणि जेऊर विसरलं.

कोकणी माणूस असता तर विसरला नसता. त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गच्या किल्ल्यात उतरला होता. तिथले चौथरे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून अजून दाखवतात, आणि तिथं हेलियम दिनही साजरा होतो. लॉकियरनं हेलियमची पिवळी रेषा पाहिली १८६८ साली आणि तेव्हा तो इंग्लंडात होता, पण त्यानं विजयदुर्गच्या पर्यटनाचं काही बिघडलं नाही. जेऊरला एखादा ओटा असता तर मी वर्षातून एकदा गाडी काढून त्याच्यावर बसून आलो असतो. कॅम्पबेलसाहेबांना तेवढं करता आलं असतं.

आता माझ्या प्रकल्पाचं. दुसऱ्या वर्षी एक निरीक्षण प्रकल्प करावा लागतो. मी आधी अल्गॉल घेतला होता. ययातीमधला हा तारा दर दोन दिवस एकवीस तासांनी मंद होतो, कारण त्याचा जोडीदार त्याच्या आड येतो. प्रत नोंदवत जायची आणि आलेख काढायचा. हस्त नक्षत्रापासून सुरुवात. आणि त्या वर्षी हस्त पडला. हत्तीच्या सोंडेनं पडला. लोक भिजत नाचत होते, ओढ्याला पाणी आलं म्हणून पोरं बघायला धावत होती, दुकानात पेढे आले. माण नदीला पाणी! आणि मी पेढा तोंडात धरून विचार करत होतो, आजची रात्र गेली. दुसरी गेली. आठवडा गेला. गिऱ्हाईक म्हणायचं, “अजून चार दिवस पडाय पायजे.” मी म्हणायचो, “पाहिजेच.” एवढं नाटक मी लग्नातही केलं नव्हतं.

बायकोनं ओळखलं. म्हणाली, “ढगाला चालेल असं काही नसतं का तुमच्यात?”

असतं. तिच्या तोंडून ते यावं याचंच आश्चर्य. रेडिओ लहरींना ढगाचं काही नाही. दिवस असो, रात्र असो, पाऊस असो. आणि ती विद्या महाराष्ट्राच्या घरची आहे. गोविंद स्वरूप यांनी १९६५ च्या सुमारास कल्याणला पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली, ऑस्ट्रेलियानं दिलेल्या सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्या जोडून. मग उटी. आणि मग नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. भरीव पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणलेली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. टोमॅटो आणि द्राक्षांच्या रानात उभी असलेली ही दुर्बीण जगभरचे लोक अर्ज करून वापरतात, आणि ठरलेली मुदत संपली की तिची निरीक्षणं सगळ्यांसाठी खुली होतात. त्या शास्त्रज्ञांचे शत्रू वेगळे. मोबाइलचे मनोरे, आणि विजेच्या तारांवर सैल जोडामुळं उडणाऱ्या ठिणग्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लहर खोडदला पोचते आणि तिथं खांबावरच्या ठिणगीत हरवते. आमच्या डीपीची अवस्था बघता, ती दुर्बीण सांगोल्यात झाली नाही हे विश्वावर उपकारच आहेत.

तर प्रकल्प बदलला. आता मी जीएमआरटीच्या खुल्या निरीक्षणांतून एका दूरच्या दीर्घिकेची नकाशावजा प्रतिमा तयार करतोय. माहितीची एकेक फाइल इतकी अवजड, की रात्री सगळी गल्ली झोपल्यावर उतरवायला लावतो. सकाळी युरियाची पोती उतरतात तेव्हा निम्मी आलेली असते. आबांना हे सांगणं भाग होतं, कारण त्यांनी विचारलं, हल्ली गच्चीवर दिसत नाही.

“आता ढगातूनही दिसतं ते घेतलंय, आबा.”

“म्हंजी पाऊस आला तरी चालतंय?”

“चालतं.”

“आन न्हाई आला तर?”

“तरी चालतं.”

आबांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “मग उधारीचं बी तसंच धरा की, मालक,” आणि मोरचुदाचे दोन पुडे पिशवीत टाकून निघाले.